निवडुंगाचा उपदेश



बंगळुरूच्या दक्षिण भागात बसवनगुडी नावाची जुनी वस्ती आहे. कानडीत बसव म्हणजे बैल, नंदी. गुडी म्हणजे देऊळ. तेथील नंदीच्या देवळावरून वस्तीला हे नाव पडले. पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कामानिमित्त मी ह्या शहरात आलो आणि येथेच स्थिरावलो. आमच्या गच्चीवर एक लहानसे हरितगृह आहे व त्यात साठेक कुंड्यांतून निवडुंग वाढत आहेत. त्यांच्याविषयी, आणि त्यांच्या निमित्ताने माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी, आज आपल्याशी बोलावयाचे आहे.

थंड देशांत हरितगृह बांधतात ते उबेसाठी. आमच्याकडे त्याचा हेतू निराळाच. बंगळुरूला नैर्ऋत्येचा पाऊस मिळतो, आणि तो ओसरतो न ओसरतो तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा पाऊस येतो. एवढे पाणी मुळाशी राहिले तर निवडुंग कुजून जातो. म्हणून माझ्या हरितगृहाला वर पारदर्शक छप्पर आहे आणि बाजू मोकळ्या आहेत. ऊन यावे, वारा खेळावा, पण पाणी मात्र माळी देईल तेव्हाच मिळावे, अशी ही व्यवस्था आहे.

निवडुंग हा शब्दही जरा उलगडून घेतला पाहिजे. तोडताच पांढरा चीक गाळणारा आपला तीनधारी निवडुंग हा वास्तविक एरंडाच्या कुळातला. फड्या निवडुंग आणि माझ्या कुंड्यांतील मंडळी ह्यांचे कुळ वेगळे, आणि त्याचे मूळ घर अमेरिका खंडात. ह्या कुळाची खूण अशी की, अंगावर जागोजाग लवेच्या बारीक गाद्या असतात. काटे तेथूनच निघतात आणि पुष्कळ जातींत कळीही त्याच गादीतून वर येते. काट्याचे आणि फुलाचे माहेर एकच!

डिसेंबर लागला की मी पाणी जवळजवळ बंद करतो. जानेवारीत झाडे आक्रसतात, त्यांच्या अंगावर सुरकुत्या पडतात. पाहणाऱ्याला दया येते. पण ह्या विश्रांतीच्या काळात पाणी घातले तर पुष्कळदा झाड नुसतेच फोफावते आणि फूल धरीत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस कळ्या दिसू लागल्या म्हणजे मी पुन्हा पाणी देतो, आणि मार्चमध्ये मॅमिलेरियाच्या माथ्यावर गुलाबी फुलांचे कडे उमटते. एकिनॉप्सिसचे लांब देठाचे शुभ्र फूल संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात मान टाकते. तेवढ्या एका रात्रीसाठी आम्ही उभयता गच्चीवर जागत बसतो.

वाचकहो, असे दृश्य पाहून उपदेशकाला मोह न झाला तरच नवल! 2019 च्या उन्हाळ्यात मी नगर जिल्ह्यातील आमच्या मूळ गावी गेलो होतो. दुष्काळ होता. रविवारी मंडळीपुढे दोन शब्द बोलण्याची विनंती झाली आणि मी निवडुंगाचा दृष्टान्त सांगितला. देव आपल्याला तहानेत ठेवतो तो आपण फुलावे म्हणून, असे मी मोठ्या उत्साहाने म्हणालो. उपासना संपल्यावर एक वृद्ध भगिनी जवळ आली. तिच्या घरचे बैल त्याच महिन्यात विकले गेले होते. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुमच्या झाडानं आधी पानी पिऊन ठेवलेलं असतंय. आमच्या हिरीला दोन सालं पानी न्हाई. आमी कशाच्या जोरावर फुलावं?"

मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा मी तिच्या घागरी उचलून घरी पोचवल्या.

बंगळुरूला परतल्यावर मी इयोबाचे पुस्तक पुन्हा काढले. इब्री भाषेत मुसार असा एक शब्द आहे. शिस्त, शासन, वळण लावणे, असा त्याचा अर्थ. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात बाप मुलाला सांगतो की, परमेश्वराचे हे शासन तुच्छ मानू नकोस. इयोबाच्या पाचव्या अध्यायात अलीफज तेमानी जवळजवळ त्याच शब्दांत तीच गोष्ट सांगतो. शब्द तोच, सिद्धान्तही तोच. पण ऐकणारा राखेत बसलेला आहे आणि त्याची मुले नुकतीच दगावली आहेत. ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप होतो तो ह्याच अलीफजावर व त्याच्या सोबत्यांवर. ते सात दिवस मुकाट्याने इयोबाजवळ बसले होते तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते.

मग दुःखातून काहीच निपजत नाही काय? निपजते. पौलाने रोमकरांस लिहिताना संकटातून धीर उपजतो असे म्हटले आहे. पण तेथे तो स्वतःला वगळीत नाही. करिंथकरांसही तो काट्याविषयी लिहितो ते स्वतःच्या देहातील काट्याविषयी. आपल्या तहानेचा अर्थ ज्याने त्याने देवापुढे बसून शोधावा; शेजाऱ्याच्या तहानेचा अर्थ सांगण्याचा अधिकार आपल्याला मिळालेला नाही. शेजाऱ्याच्या तहानेविषयी मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने आपल्याला एकच काम नेमून दिले आहे, आणि ते काम पाणी पाजण्याचे आहे.

माझ्या दृष्टान्तात चूक कोठे होती ते आता मला कळते. माळी पाणी तोडतो, पण त्याआधी महिनोन्‌महिने त्यानेच ते पाजलेले असते. तो रोज कुंडीजवळ जातो, खोडाला हात लावून पाहतो, आणि झारी त्याच्या हाताशी असते. मी त्या मंडळीला ना कधी पाणी पाजले होते, ना त्यांच्या सुरकुत्यांवरून हात फिरवला होता. माळ्याचा अधिकार मात्र मी उसना घेतला होता.

आजही जानेवारीत मी कुंड्यांचे पाणी तोडतो आणि मार्चमध्ये फुलांसाठी देवाचे आभार मानतो. परंतु कोणी दुःखी मनुष्य दारी आला तर त्याला मी निवडुंग दाखवीत नाही. आधी त्याला बसावयास सांगतो आणि पाण्याचा तांब्या पुढे करतो. पुढेमागे त्याने स्वतःच विचारले की ही फुले कशी येतात, तर सांगेन.