फोटोवरचा कागद

माझ्या मामाच्या पेठेतल्या तालमीत भिंतीवर एक जुना फोटो आहे. फुटबॉलचा कप जिंकल्यावर काढलेला. मागं उभे, पुढं बसलेले, मधे कप. मागच्या ओळीत डावीकडून तिसऱ्या गड्याच्या तोंडावर खाकी कागदाचा तुकडा खळीनं चिकटवलेला आहे. छाती दिसते, हाताची घडी दिसते, तोंड नाही. त्या वर्षी आमच्या निम्म्याहून जास्त गोल त्या बिनतोंडाच्या गड्यानं मारले होते.

पेठेचं नाव सांगत नाही आणि त्या गड्याचंही सांगत नाही. सांगितलं तर हे पुस्तक कोल्हापुरात लोक फक्त तेवढ्या पानासाठी वाचतील आणि भांडणं मला निस्तरावी लागतील.

मी गावचा, पण आठवी ते दहावी मामाकडं राहून शिकलो. शिक्षण तिथंच संपलं, फुटबॉल मात्र अंगात राहिला. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं, की कोल्हापुरात फुटबॉल क्लबात नाही, तालमीत असतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावं बघा. लाल मातीत कुस्ती खेळणाऱ्यांच्या पोरांनी पुढं चेंडू धरला, पण नाव तेच ठेवलं आणि ईर्ष्याही तीच ठेवली. शाहू स्टेडियमवर मॅच असली की मी उसाला पाणी पाजायची पाळी धाकट्या भावाला देऊन सायकलवरनं चौदा किलोमीटर जायचो. घरात त्यावरनं बोलणी खाल्ली, त्याचा हिशोब नाही.

तर हा गडी आमचा सेंटर फॉरवर्ड. बाप गुळाच्या बाजारात हमाल. घर दोन खोल्यांचं, तालमीच्या मागच्या बोळात. अंगानं काटक, उंची बेताची, पण डाव्या पायानं मारला की गोली नुसता मान वळवायचा. तालमीसाठी खेळायचं म्हणजे तेव्हा पैसा असा काही नव्हता. बूट, जर्सी, मॅचनंतर दूध-केळी, जिंकलं तर जेवण. आणि पेठेत मान. चहाचे पैसे त्याच्याकडनं कुणी घेत नसे.

एका मॅचला त्याचा गुडघा पिरगळला. मिरजेला दाखवलं, ऑपरेशन सांगितलं. आमच्या तालमीची कमिटी म्हणाली, "बघू." हे 'बघू' तीन महिने चाललं. तोवर दुसऱ्या पेठेतनं एक उंच पोरगा आमच्याकडं आला. मग एका संध्याकाळी गडी लंगडत तालमीत आला, बूट कमिटीच्या टेबलावर ठेवले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "माझा गुडघा चांगला हुता तवर मी पेठेचा. आता मी माझ्या बापाचा." आणखीही बरंच बोलला. ते लिहिण्यासारखं नाही. कमिटीतली माणसं म्हणायची, ह्यानं आधीच तिकडनं पैसे घेतले होते, गुडघा निमित्त. खरं काय ते त्याला आणि त्यांना ठाऊक. पुढच्या हंगामात खेळाडूंची नोंदणी झाली तेव्हा त्याचं नाव निघालं ते नेमकं आमच्या जन्माच्या वैऱ्याच्या तालमीत. गुडघाही त्यांनीच बरा करून दिला म्हणे.

दुसऱ्या कुठल्याही तालमीत गेला असता तर लोक चार दिवस बोलून गप्प बसले असते, असं मला आजही वाटतं.

मग ती मॅच आली. स्टेडियम गच्च. त्यानं आमच्यावर दोन गोल मारले, दुसरा डाव्या पायानं, अगदी आमच्यासाठी मारायचा तसा. आणि गोल मारून तो स्वतःच्या पोरांकडं न जाता आमच्या बाजूला पळत आला आणि मांडीवर शड्डू ठोकला. कोल्हापुरात शड्डूचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आमची बाजू पेटली. मीही उठलो. तेव्हा मी पंचविशीतला, आवाज शेतात बैलांवर ओरडून कमावलेला. मी त्याच्या बापावरनं शिवी दिली. नुसती शिवी नाही, 'हमालाच्या पोराला इमान कुठलं, ज्याचं वजन उचलंल त्याचा' असं काहीतरी ओरडलो. लोक हसले. मला बरं वाटलं.

त्याचा बाप माझ्यापासनं चार पायऱ्या खाली बसला होता. जुन्या सवयीनं आमच्याच बाजूला. म्हाताऱ्यानं मागं वळून बघितलं नाही. टोपी काढली, गुडघ्यावर झटकली, परत घातली.

आठ-दहा दिवसांनी गुऱ्हाळ उतरलं आणि मी गूळ घेऊन मार्केट यार्डात गेलो. गाडी अडत्याच्या दारात लावली तर रवे उतरवायला तोच म्हातारा. तीस-तीस किलोचा एकेक रवा. नवा गूळ, ऊन होतं, कडा मऊ झाल्या होत्या. वरनं टेकवला तर रवा फुटतो, फुटका रवा सौद्यात मागं पडतो. त्यानं एकेक रवा पाठीवरनं असा खाली ठेवला, की बाळ निजवावं. एकही फुटला नाही. मी हमाली द्यायला गेलो तेव्हा पैसे घेताना एवढंच म्हणाला, "आवाज वळखला मी, पाव्हणं." रागानं नाही. ओळख पटली एवढंच सांगितल्यासारखं. मी काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं. पुढं कितीतरी वर्षं मी त्याच अडत्याकडं गूळ नेला, त्यानं तो उचलला, आणि मी बोललो नाही.

त्यानंतर मला फुटबॉलमधल्या इमानाबद्दल कुणी मोठ्या गप्पा मारायला लागलं की तोंड उघडवत नाही. पण विचार सुटला नाही.

थोरला मुलगा पुण्यात नोकरीला. त्याला आर्सेनलचं वेड. आता लंडनच्या क्लबाशी करवीर तालुक्यातल्या पोराचा काय संबंध, हे मी विचारत नाही, कारण मामाच्या पेठेशी माझा तरी काय संबंध होता! 2013 च्या एप्रिलात तो सुट्टीला आला होता. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर त्यानं मॅच लावली. आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेड. युनायटेड त्याच आठवड्यात लीग जिंकून आलेलं, म्हणून रिवाजाप्रमाणं आर्सेनलच्या खेळाडूंनी दोन ओळी करून त्यांना टाळ्या वाजवत मैदानात घ्यायचं. आणि त्या ओळींमधनं चालत आला व्हॅन पर्सी. आठ वर्षं आर्सेनलचा. आदल्या हंगामात कप्तान, लीगमध्ये एकट्यानं 30 गोल. मग उन्हाळ्यात जाहीर पत्र काढलं, की करार वाढवत नाही, क्लबाची दिशा मला पटत नाही. आणि गेला कुठं, तर मँचेस्टरला. तिथं पहिल्याच वर्षी 26 गोल मारून लीग जिंकून दिली. आर्सेनलनं शेवटची लीग 2004 ला जिंकलेली, हा येण्याच्या तोंडावर.

टाळ्या वाजवणारे त्याचे कालचे सोबती. स्टेडियममधनं शिव्यांचा पाऊस. माझा मुलगा, जो घरात आवाज चढवत नाही, तो टीव्हीपुढं उभा राहून ओरडत होता. हाफटाइमच्या जरा आधी पेनल्टी मिळाली. ती त्यानंच मारली, गोल झाला. मॅच एक-एक सुटली.

मी विचारलं, "त्यानं तुमच्यासाठी तीस मारले त्या वर्षी तू काय करत हुतास?"

"नाचत होतो, आप्पा."

"मग ते गोल परत केलेस व्हय?"

तो चिडला. म्हणाला, "जायचं होतं तर जा. पण म्हणे, माझ्या आतलं लहान पोरगं मँचेस्टरसाठी ओरडत होतं! मग आठ वर्षं ते पोरगं झोपलं होतं का?" ह्यावर मला उत्तर सुचलं नाही. पोराचं खरं होतं. माणूस गेला ह्याचं दुःख वेगळं आणि जाताना मागचं सगळं खोटं होतं असं दाखवून गेला ह्याचं वेगळं. त्या नोव्हेंबरात मँचेस्टरच्या मैदानावर आर्सेनलवर तिसऱ्याच मिनिटाला गोल मारला तेव्हा व्हॅन पर्सीनं हात वर करून आनंद आवरला होता. वर्षानंतर परत मारला तेव्हा मात्र मनसोक्त साजरा केला. मुलाला ही दोन्ही दृश्यं पाठ आहेत. पहिलं आठवलं की मऊ होतो, दुसरं आठवलं की शिव्या घालतो. एकाच जेवणात दोन्ही होतं.

कोलकात्यातही तेच. 13 जुलै 1997 ला सॉल्ट लेकला फेडरेशन कपची सेमीफायनल झाली. एक लाख तीस हजारांवर माणूस. भाईचुंग भुतियानं ईस्ट बंगालकडनं मोहन बागानवर हॅटट्रिक मारली. तोच पुढं बागानचा झाला, आणि 2009 ला कराराचा वाद फेडरेशनपर्यंत नेऊन परत ईस्ट बंगालला गेला. त्या शहरात त्याला आपला म्हणावं की परका, हे वर्ष बघून ठरवावं लागत असणार.

मला मात्र हा प्रश्न मैदानात नीट कळला नाही. तो कळला उसात.

आमच्या भागातला कारखाना उभा राहिला तेव्हा माझ्या वडलांनी म्हैस विकून शेअर घेतला होता. पहिला गाळप हंगाम सुरू झाला त्या दिवशी घरात पोळ्या केल्या होत्या. आमच्या घरात कारखान्याचा भोंगा हेच घड्याळ. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, तो कायद्यात आहे. एका वर्षी पहिला हप्ताच सहा महिने निघाला नाही. मुलीचं लग्न ठरलेलं. मी ऑफिसात चार हेलपाटे घातले. चौथ्या खेपेला एकजण म्हणाला, "बघू." तोच शब्द. मी पुढच्या वर्षी ऊस नदीपलीकडच्या कारखान्याला घातला.

गावात कुणी माझ्याशी भांडलं नाही. नुसतं चावडीवर बसलो की बोलणं थांबायचं. सभासदाची दिवाळीची साखर बंद झाली. एका सभेत, मी मागं उभा असताना, एक पुढारी माइकवर म्हणाला, "वडलांनी म्हैस विकली, पोरानं इमान विकलं." लोक हसले. मी टोपी काढून झटकली की नाही हे आठवत नाही, पण हात टोपीकडं गेला होता.

त्या रात्री झोप लागली नाही. माझा हक्क होता का? होता. घाम माझा, ऊस माझा, लग्न माझ्या पोरीचं. मग पहाटे भोंगा झाला तेव्हा पोटात का कालवलं? आणि आतनं असंही वाटत होतं, की पलीकडच्या कारखान्यानं चांगला दर द्यावा आणि तो ह्यांना दिसावा. म्हणजे माझाही शड्डू तयारच होता, फक्त ठोकायला स्टेडियम नव्हतं.

तोवर मी सांगत आलो होतो, की सोडून जायचा हक्क त्या गड्याचा होता, शड्डू ठोकायचा नव्हता. ऐकायला हे न्यायाचं वाटतं. पण जो हक्कानं जातो त्याला आम्ही शांतपणे जाऊ देतो का? आधी चारचौघांत इमान काढायचं आणि मग तो उलटला की म्हणायचं, बघा, हा असाच होता. तालमीशी इमान राखून शेवटपर्यंत राहिलेली बरीच माणसं मी बघितली. त्यातल्या पुष्कळांना कुणी बोलावलंच नव्हतं. मला स्वतःला कुठल्या तालमीनं बोलावलं असतं तर मी काय केलं असतं देव जाणे.

पण दुसरी बाजूही सोडवत नाही. वर्गणीचे दोन-दोन रुपये गोळा करणारी, जर्सी धुणारी, रात्रभर पताका लावणारी पोरं कमिटीत नव्हती. त्यांनी 'बघू' म्हटलं नव्हतं. शड्डू त्यांच्यावरही पडला. माझा मामा त्यातलाच. तो मरेपर्यंत त्या गड्याचं नाव घेत नव्हता, आणि डाव्या पायाच्या त्या गोलाची गोष्ट मात्र दर दिवाळीला सांगायचा. 'एकानं मारला' म्हणायचा.

मागच्या हिवाळ्यात बऱ्याच वर्षांनी शाहू स्टेडियमला गेलो. गुडघे आता माझेही बोलतात, म्हणून खालच्या पायरीवरच बसलो. शेजारी एक माणूस, केस पांढरे, डावा पाय सरळ लांब करून बसलेला. बसण्यावरनंच ओळखला. तो कुठल्याच बाजूला बसला नव्हता, मधे बसला होता. त्यानं मला ओळखायचं कारण नव्हतं. आवाज मात्र तोच आहे, म्हणून मी जरा वेळ गप्पच राहिलो.

मग विचारलं, "वडील कसे हाइत?"

"गेले. कोरोनाच्या आदल्या साली." त्यानं माझ्याकडं बघितलं. "वळखत हुता?"

"माझा गूळ उचललाय त्यांनी. लै वर्षं."

"सगळ्यांचाच उचललाय," तो म्हणाला.

एवढ्यात आमच्या पोरानं डावीकडनं चेंडू काढला आणि बॅकला चकवून आत घुसला. आम्ही दोघंही अर्धे उठलो. मारला, पण बाहेर गेला. तो खाली बसत म्हणाला, "उजव्यानं कशाला मारला लगा."

मीही तेच म्हणणार होतो.