दारावर जाण्याआधी

आमच्या खानदेशात माणूस गेला की लोक त्याच्या घरी 'दारावर' जातात. सांत्वनाला गेलो, भेटून आलो असं म्हणणारे कमी. दारावर जाऊन आलो, हाच शब्द. केळीची गाडी भरायची राहिली तरी चालेल, दारावर जायचं राहून चालत नाही. रावेरहून, मलकापूरहून, पार बऱ्हाणपूरहून माणसं येतात, ओट्यावरच्या सतरंजीवर घटकाभर टेकतात, 'कसं झालं हो' विचारतात, घरच्यांनी दहा वेळा सांगितलेलं अकराव्यांदा ऐकून घेतात आणि उठतात. गंधमुक्तीपर्यंत हे चालतं. मी या रिवाजाला नावं ठेवणार नाही. माझ्या घरचं माणूस गेलं तेव्हा त्या सतरंजीवरच्या माणसांनीच मला सावरलं.

पण ही सगळी गर्दी शेवटच्या श्वासानंतरची. त्याआधीचे चार-सहा महिने, माणूस आतल्या खोलीत खाटेवर असतो तेव्हा, ओटा रिकामा असतो. लोकांना काळीज नसतं असं मुळीच नाही. काय बोलावं ते सुचत नाही आणि रिकाम्या हाताने जायची लाज वाटते, इतकंच.

मी मुक्ताईनगरची. जुनी माणसं अजून एदलाबाद म्हणतात. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली, मागोमाग सोपानदेवांनी सासवडला. त्यानंतर थोरल्या निवृत्तिनाथांबरोबर तापीकाठी आलेली ही सतरा-अठरा वर्षांची बहीण १२९७ मध्ये विजेच्या कडकडाटात दिसेनाशी झाली. मुक्ताईने समाधी 'घेतली' असं इथे सहसा म्हणत नाहीत. ती अंतर्धान पावली. अंथरूण नाही, औषध नाही, कुणाच्या हातचं शेवटचं पाणी नाही. चांगल्या मरणाची आमच्याकडची कल्पनाही नेमकी अशीच आहे. चालता-बोलता गेला, कुणाला करायला लावलं नाही, नशीबवान! गावातून पुढे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे. ते दुसरं टोक. मरण आलं की प्राण वर चढवून बसायचे आणि वेळ टळली की खाली उतरवायचे, असं करत ते चौदाशे वर्षं जगले म्हणे. एकीला वीज घेऊन गेली, दुसऱ्याने मरणाला दारातूनच परत पाठवलं. महाशिवरात्रीच्या यात्रेत या दोघांना हात जोडून आम्ही घरी येतो, आणि घरात असतो तो तिसराच प्रकार: ना वीज, ना चौदाशे वर्षं. नुसते महिने. कूस बदलायचे, घोट घोट पाणी पाजायचे, रात्री दोनला कण्हणं ऐकायचे महिने.

त्या महिन्यांची सुरुवात बहुधा एका वाक्याने होते. मोठ्या शहरातला डॉक्टर फाइल मिटतो आणि म्हणतो, 'आता घरी न्या. सेवा करा.' मी हे वाक्य इतक्या घरांत ऐकलंय की ते एखाद्या प्रिस्क्रिप्शनवर छापलेलं असावं असं वाटतं. गोळीचं नाव, वेळ, जेवणाआधी की नंतर, सगळं लिहून देणारी वैद्यकी इथे दोन शब्दांत आटोपते. सेवा करा म्हणजे नेमकं काय करा? ते सुनेला माहीत असतं, असं सगळ्यांनीच धरून चाललेलं असतं.

जगात ज्याला हॉस्पिस म्हणतात, ती या दोन शब्दांची सविस्तर उकल आहे असं मला वाटतं. सिसिली सॉन्डर्स ही लंडनची बाई आधी नर्स होती, पाठीच्या दुखण्यामुळे ते सुटलं म्हणून रुग्णालयात समाजसेविका झाली. डेव्हिड तास्मा नावाचा पोलंडहून आलेला एक ज्यू वेटर कॅन्सरने मरत होता. त्याचं जवळचं असं कुणी नव्हतं. ती जाऊन त्याच्यापाशी बसायची. १९४८ मध्ये तो गेला तेव्हा पाचशे पौंड तिच्या नावे ठेवून गेला, तिच्या मनातल्या घराची एक खिडकी व्हावी म्हणून. नंतर तिने कितीतरी संध्याकाळी एका रुग्णालयात बिनपगारी काम केलं, वेदना थांबवायच्या तर डॉक्टरच व्हावं लागेल असं दिसल्यावर तिशी उलटून गेल्यावर वैद्यकी शिकली आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं. तो पाचशे पौंडांचा वेटर मला राहून राहून आठवतो. त्याने भिंत मागितली नाही, खिडकी मागितली.

आपल्याकडे पहिलं हॉस्पिस १९८६ मध्ये वांद्र्याला निघालं, माउंट मेरीजवळचं शांती अवेदना सदन, कॅन्सरचे डॉक्टर एल. जे. डिसूझा यांचं. पण वांद्रे आम्हाला किती लांब! आमच्या कामाचं उदाहरण आहे ते केरळातलं. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशमनाचा दवाखाना सुरू केला आणि काही वर्षांतच एक गोष्ट ओळखली: आजारी माणसाच्या चोवीस तासांतली जेमतेम काही मिनिटं डॉक्टरची असतात, बाकीची गल्लीची. मग मलप्पुरमपासून त्यांनी गल्लीच कामाला लावली. आठवड्याला किमान दोन तास देऊ शकेल असा कुणीही चालेल, रिक्षावाला, कॉलेजातला पोरगा, दुकानदार. सोळा तासांचं शिक्षण, मग नर्सबरोबर घरोघर फिरायचं. इमारत जवळजवळ नाहीच. २००८ मध्ये केरळ सरकारने यासाठी धोरणच केलं. केंद्राचा कार्यक्रम २०१२ पासून कागदावर आहे, आरोग्य केंद्रांच्या सेवांच्या यादीतही आता ही सेवा आहे. पण यादीतलं नाव आणि खाटेजवळचं माणूस यांच्या मधलं अंतर आशाताईंनी एकट्याने कापायचं, हे मला पटत नाही. आधीच त्यांच्या पायात किती वहाणा झिजल्या आहेत.

मीही अशाच एका छोट्या शिबिरात शिकले आणि शहाणी होऊन पहिल्या घरी गेले. पंच्याहत्तरीच्या एक मावशी, गालाचा कॅन्सर. जन्मभर मशेरी. घरात 'कॅन्सर' हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं, 'गाठ' म्हणायचे, आणि तेही स्वयंपाकघरात, हळू आवाजात. 'बाई, त्यांना काही माहीत नाही, तुम्ही बोलू नका,' असं मला दारातच बजावलं. मी चिकू घेऊन गेले होते, त्यांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं. आणि मी चाळीस मिनिटं बोलत राहिले. पाऊस, शाळा, त्यांचा नातू माझ्या वर्गात किती मस्ती करायचा. शेवटी उठताना म्हणाले, 'काळजी करू नका, पंधरा दिवसांत बऱ्या व्हाल.' मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. कारण वास. जखम पिकली होती आणि वास ओसरीपर्यंत यायचा. उदबत्ती लावली की तो उलट जास्तच लागायचा. नातवंडं आत फिरकत नव्हती, सून नाकाला पदर लावून ताट ठेवायची आणि मग स्वतःचीच लाज वाटून ओट्यावर येऊन रडायची. मावशींनीच एके दिवशी हाताने खूण केली होती, दार लावून घ्या म्हणून. पुढच्या वेळी माझ्याबरोबर नर्स आली. तिने जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुतली, डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या पाट्यावर बारीक वाटायला लावल्या आणि ती भुकटी जखमेवर पसरून गॉज ठेवलं. काही रुपयांच्या गोळ्या. रोज एकदा, सुनेला हाताला धरून शिकवलं. चार-पाच दिवसांत वास इतका उतरला की धाकटी नात पुस्तक घेऊन आजीच्या खाटेच्या पायाशी बसायला लागली. दार उघडं राहू लागलं.

मला त्या दिवशी मुक्ताईचीच दुसरी गोष्ट आठवली, विजेच्या आधीची. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा ती बाहेर उभी राहून त्यांना विनवत राहिली. तिने ताटी तोडली नाही, परतही गेली नाही. जिवंत माणसाच्या दारावर जाणं ते हे. आमच्या गावाने तिची वीज लक्षात ठेवली, ताटी आळंदीला सोडून दिली.

वासाचं जसं, तसं वेदनेचं. तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी स्वस्त आहे, आणि तिच्यासाठी लागणारी अफू सरकारी परवान्याने शेजारच्या मध्य प्रदेशातच पिकते, नीमच-मंदसौरकडे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मात्र तिच्याभोवती परवान्यांचं इतकं कुंपण घातलं की दवाखान्यांनी तिचं नावच टाकलं. २०१४ मध्ये कायदा सुधारला, कुंपण थोडं खाली आलं. डॉक्टरांच्या मनातलं अजून तेवढंच आहे. 'सवय लागेल' असं एका घरात मी ऐकलं. पेशंटला दोन महिने उरले होते. कसली सवय लागणार होती?

सुशिक्षित घरांत हा विषय काढला की चर्चा हमखास इच्छामरणाकडे वळते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मानला, कृत्रिम उपाय नकोत असं आधीच लिहून ठेवायची सोय केली आणि २०२३ मध्ये ती जरा सुटसुटीतही केली. चांगलंच झालं. पण या सगळ्या वादाची सुरुवात ज्या खाटेपासून झाली तिच्याकडे बघा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानभाग त्यांच्यावरच्या हल्ल्यानंतर तिथेच १९७३ पासून २०१५ पर्यंत बेचाळीस वर्षं खाटेवर होत्या. नर्सेसच्या पिढ्या बदलल्या आणि प्रत्येक पिढीने त्यांना भरवलं, कुशीवर वळवलं. त्यांच्या अंगावर एकही बेडसोर नव्हता, हे न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही आलं आहे. ज्यांनी आठवडाभर कुणाची कूस बदललीय त्यांना कळेल ही किती अवघड गोष्ट आहे ते. सोडवायचं की नाही यावर आपण भांडतो. दर दोन तासांनी वळवायचं कुणी, ते भांडण कुणी काढत नाही.

आणि आपल्याला भीती असते तीही मरणाची कमी, वळवलं जाण्याची जास्त. 'कुणाला करायला लागू नये' हे वाक्य मी प्रौढीने म्हणत आले. आता म्हणवत नाही. ज्यांनी पन्नास वर्षं दुसऱ्यांचं केलं त्या बायकांना स्वतःचं करून घेताना मेल्याहून मेल्यासारखं होतं, हे मी खाटेजवळ पाहिलंय. करून घेणं हे काम कुणी शिकवलेलंच नाही.

मावशींकडे पुढे मी दर मंगळवारी जात राहिले, चिकूंशिवाय. बोलणंही कमी केलं. चांगदेवांची ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायना सुचेना. वयाने लहान, ज्ञानाने मोठे. आशीर्वाद लिहावा की नमस्कार? शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताई हसली म्हणतात, चौदाशे वर्षं जगून कोरेच राहिलात! मला आता वाटतं, या एका बाबतीत म्हाताऱ्याचं फारसं चुकलं नव्हतं. मायना सुचत नसेल तर कोरं जावं. पण जावं. एकदा अशीच गप्प बसले असताना मावशी कापडाआडून अस्पष्ट म्हणाल्या, 'बाई, हे बरं नाही होत ना?' मी मान हलवली. त्यांनी माझा हात थोपटला. धीर मला देत होत्या!

त्या वारकरी. मुक्ताईच्या पालखीबरोबर बऱ्याचदा पंढरपूरला चालत गेलेल्या. ज्येष्ठात पालखी निघाली तेव्हा त्यांनी मला कामच दिलं: दर मंगळवारी पालखी कुठवर पोचली ते सांगायचं. महिन्याहून जास्त दिवसांची वाट. मी फोनवरून विचारून ठेवायचे. बुलढाणा म्हटलं की त्या डोळे मिटून तिथला चढ मनात चढायच्या. जालना म्हटलं तेव्हा बोटाने हवेत काहीतरी दाखवलं, ते मला कळलं नाही, सुनेला कळलं: तिथे एकदा त्यांची चप्पल हरवली होती.

बीडच्या मंगळवारी त्या जाग्या नव्हत्या. श्वास लांब-लांब लागत होता. मी खाटेशी बसून बीड आलं म्हणून सांगितलं. सून म्हणाली, 'बाई, ऐकू जातं का हो आता?' नर्सने शिकवलं होतं, जातं असंच धरून बोलायचं. सुनेने वाटीतला कापसाचा बोळा पिळला, ओठांवरून फिरवला, पुन्हा भिजवला. बाहेर ओट्यावर शेजारच्या दोघी सूप मांडीवर घेऊन लसूण सोलत बसल्या होत्या.