श्वासयंत्र आणि धर्मविवेक

गेल्या चातुर्मासात आपल्या देवालयाच्या एका जुन्या सभासदांच्या मातोश्री निवर्तल्या. शेवटचे अकरा दिवस त्या रुग्णालयात कृत्रिम श्वासयंत्रावर होत्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शुद्ध आली नव्हती, आणि ती येण्याची आशा उरली नाही असे डॉक्टरांच्या दोन मंडळांनी एकामागून एक तपासून सांगितल्यावर, घरच्यांच्या संमतीने घशातील नळी काढण्यात आली. तेराव्यानंतर हे गृहस्थ सायंआरतीस आले असता सभामंडपाच्या पायरीवर आमच्यापाशी बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कागदावर सही माझी आहे. म्हणजे आईचा प्राण मीच घेतला, असेच ना? याला प्रायश्चित्त काय सांगता?"

देवाच्या दारात विचारलेल्या प्रश्नास 'तसे काही मनात आणू नका' एवढे म्हणून बोळवण करणे सोपे होते, आणि त्या संध्याकाळी आम्ही तेवढेच केले. परंतु घरी आल्यावर ते उत्तर आमचे आम्हांसच लटके वाटू लागले. आम्ही वैद्य नव्हे आणि शास्त्रीही नव्हे. तथापि हा प्रश्न एका घराचा राहिलेला नाही. बेळगावात आपल्या मंडळींपैकी ज्यांच्या घरी गेल्या काही वर्षांत वृद्धांचे मोठे आजारपण झाले, त्यांतील बहुतेकांस तो कोणत्या ना कोणत्या रूपात भेटला असेल. म्हणून जेवढा विचार करता आला तेवढा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

छांदोग्योपनिषदात प्राण आणि इंद्रिये यांच्या कलहाची कथा आहे. ती अनेकांनी कीर्तनातून ऐकली असेल. आपणांत श्रेष्ठ कोण, असा वाद घेऊन वाणी, चक्षू, श्रोत्र, मन आणि प्राण हे प्रजापतीकडे गेले. ज्याच्या जाण्याने शरीर सर्वांत हीन दिसेल तो श्रेष्ठ, असा निवाडा त्याने दिला. वाणी वर्षभर दूर राहून परतली, तो शरीर मुक्यासारखे का होईना, जगत होते. मग दृष्टी गेली, श्रवण गेले, मन गेले. प्रत्येक जण वर्षाने परत आला आणि आंधळ्याप्रमाणे, बहिऱ्याप्रमाणे, अजाण बालकाप्रमाणे जगणे चालूच असल्याचे त्यास दिसले. अखेर प्राण निघू लागला, तेव्हा जातिवंत घोड्याने पायबंदाचे खुंटे उपटून न्यावेत तशी सारी इंद्रिये त्याच्यामागून उखडली जाऊ लागली, आणि तूच आमच्यात श्रेष्ठ, तू जाऊ नकोस, अशी त्यांनी विनवणी केली.

या कथेत दोन गोष्टी गृहीत आहेत. एक, गेलेली इंद्रिये परत येतात. दुसरी, प्राणाचे जाणे वा राहणे कोणा तिसऱ्याच्या हाती नसते. विसाव्या शतकात मनुष्याने अशी साधने निर्माण केली की, वाणी, दृष्टी, श्रवण आणि मन ही चारही कायमची निघून गेली तरी तो घोडा बाहेरून दोर लावून खुंट्याशी उभा करता येऊ लागला. प्राण म्हणजे केवळ श्वास नव्हे, असे येथे कोणी विद्वान म्हणतील, आणि ते खरेच आहे. यंत्र हवा ढकलते, प्राण ढकलीत नाही. परंतु ही अवस्था ऋषींपुढे आलेलीच नव्हती, त्यामुळे तीविषयी वचन काढून दाखवा असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. येथे विवेकच करावा लागेल, आणि तो करण्यासाठी ही यंत्रे कशी व कशासाठी निघाली ते पाहणे आम्हांस उपयोगी वाटले.

पहिले नावाजलेले यंत्र म्हणजे हार्वर्ड विद्यापीठातील फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी सिद्ध केलेले 'लोखंडी फुप्फुस'. पोलिओने छातीचे स्नायू लुळे पडलेल्या रोग्यास मानेपर्यंत एका लोखंडी पेटीत निजवीत. पेटीतील हवा पंपाने खेचली की छाती फुगून श्वास आत येई आणि दाब पूर्ववत होताच तो बाहेर जाई. ऑक्टोबर १९२८ मध्ये बोस्टन येथील मुलांच्या रुग्णालयात एका आठ वर्षांच्या बेशुद्ध मुलीस त्यात ठेवले, तेव्हा थोड्याच वेळात ती शुद्धीवर आली. पुढे काही दिवसांनी ती गेली. तरी जे पाहिले ते पाहणाऱ्यांस विसरता येणे शक्य नव्हते.

परंतु आमच्या प्रश्नावर खरा प्रकाश पडला तो कोपनहेगन येथील हकीकतीने. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या त्या राजधानीत पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात लोखंडी फुप्फुस एकच होते आणि छातीवर बसविण्याची लहान यंत्रे सहा होती. श्वास बंद पडलेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. पुष्कळांचा घसाही लुळा पडल्याने लाळ व कफ फुप्फुसात उतरे आणि पेटीचा उपयोग होत नसे. मुख्य वैद्य लासेन यांनी तेव्हा ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञास बोलाविले. रोगी मरतात ते रक्तात कार्बन डायॉक्साइड साठल्याने, अर्थात श्वास अपुरा पडल्याने, हे इब्सेन यांनी ओळखले. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ रबरी पिशवी दाबून रोग्याच्या फुप्फुसात हवा भरतो, तेच येथे करून पाहावे असे त्यांनी सुचविले.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीवर हा प्रयोग झाला. कंठाखाली श्वासनलिकेस छिद्र पाडून नळी बसविली. मुलगी गुदमरून धडपडू लागली आणि पिशवीतील हवा आत जाईना. जमलेल्या डॉक्टरांपैकी काहींनी आता हे संपले असे समजून पाठ फिरविली. इब्सेन यांनी तिला भुलीचे औषध दिले, त्यासरशी तिची स्वतःची धडपड थांबली, हवा आत जाऊ लागली आणि मुलगी वाचली.

मग प्रश्न आला तो पिशवी दाबणाऱ्या हातांचा. एका वेळी सत्तरपर्यंत रोगी असे होते की कोणीतरी अहोरात्र पिशवी दाबीत राहिल्यावाचून ते जगू शकत नव्हते. तेव्हा वैद्यकाचे व दंतवैद्यकाचे विद्यार्थी बोलाविण्यात आले. साथ ओसरेपर्यंत सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, एकूण १,६५,००० तास, परक्यांच्या मुलांचे श्वास आपल्या मुठीने दिले. मृत्यूचे प्रमाण शंभरात ऐंशीहून अधिक होते, ते चाळिसाच्या खाली उतरले. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा खाटेशी बसून एका हाताने पिशवी दाबतो आहे आणि न बोलू शकणाऱ्या पोरास गोष्ट वाचून दाखवितो आहे, असे ते दृश्य होते. पुढे डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी त्याच शहरात जो विभाग उघडला, त्यास अतिदक्षता विभागांचा आरंभ मानतात. पिशवी दाबण्याचे काम हळूहळू यंत्रांकडे गेले. आजचा व्हेंटिलेटर हा त्या विद्यार्थ्याच्या मुठीचाच वारस होय.

ही मूठ आम्ही ध्यानात ठेवली आणि मग त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे पुन्हा वळलो. यंत्र एकदा लावले की चालत राहणे हाच त्याचा स्वभाव आहे असे वाटू लागते, आणि बंद करणे हेच काय ते मनुष्याचे कृत्य ठरते. हा भास आहे. कोपनहेगनात असा भास कोणास होणे शक्य नव्हते, कारण तेथे प्रत्येक श्वास हे कोणाचे तरी नवे देणे होते. त्या विद्यार्थ्याने कंटाळून पिशवी सोडली असती, तर तो बालहत्येचा धनी झाला असता, यात संशय नाही. परंतु समजा, डॉक्टर येऊन म्हणाले असते की, बाबा रे, या मुलाचा मेंदू केव्हाच निवाला, आता तू एका देहात नुसती हवा भरीत आहेस. त्यानंतर त्याने हात आवरला असता, तर त्यास खुनी म्हणावयास आम्ही तरी धजलो नसतो. मूठ तीच आणि सोडणेही तेच, मग पापाचा ठाव सोडण्यात नाही हे उघड आहे. आपले देणे घेणारा तेथे कोणी आहे काय, आणि त्याचे त्यात हित आहे काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत तो आहे.

यावर एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतला. घेणारा कोणी उरला नाही हे ठरविणार कोण? त्या मुलीकडे पाठ फिरवून गेलेले डॉक्टर काही अडाणी नव्हते. इब्सेन त्यांच्याबरोबर निघून गेले असते, तर वाचणारी मुलगी गेली असती आणि कोणी दोषही दिला नसता. हा आक्षेप खरा आहे, त्याचे पूर्ण निरसन आम्हांस करता येत नाही. एवढेच म्हणता येईल की, घाईने निर्णय करू नये, एकाच्या मतावर करू नये, आणि आशेचा अंश आहे तोवर पिशवी सोडू नये. या सावधगिरीपोटीच आपल्या देशात नियम झाले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि बरे होण्याची आशा नसलेल्या रोग्याचे कृत्रिम उपचार थांबविण्याची रीत घालून दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी तीच रीत सुटसुटीत केली. डॉक्टरांची दोन मंडळे नेमावयाची, आणि रोग्याने शुद्धीत असताना लिहून ठेवलेले इच्छापत्र असेल तर ते प्रमाण मानावयाचे. आपल्या कर्नाटक सरकारनेही जानेवारी २०२५ मध्ये त्यास अनुसरून आदेश काढला.

परधर्मीयांसही हे कोडे पडले होते. यंत्रांचा प्रसार होताच भूलतज्ज्ञांनी पोपकडे तीच शंका नेली. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी बारावे पायस यांनी उत्तर दिले की, जीवरक्षणाचे साधारण उपाय करणे हे कर्तव्य आहे, असाधारण उपाय करीत राहण्याचे बंधन नाही. हा भेद आम्हांस मोलाचा वाटतो. मात्र काल जे असाधारण होते ते आज तालुक्याच्या गावीही मिळते, त्यामुळे या भेदावरच सर्व भार टाकता येत नाही.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात कॅरेन ॲन क्विनलन ही २१ वर्षांची मुलगी १९७५ मध्ये कायमची बेशुद्ध झाली आणि श्वासयंत्रावर राहिली. यंत्र काढावे म्हणून आईबापांना न्यायालयात जावे लागले. १९७६ मध्ये परवानगी मिळाली, यंत्र हळूहळू काढले, आणि मुलगी स्वतःच्या श्वासावर राहिली! ती जून १९८५ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षे तशीच बेशुद्ध होती. आईबापांनी नळीवाटे दिले जाणारे अन्न थांबविण्याची मागणी केली नाही. यंत्र काढणे म्हणजे प्राण घेणे असे म्हणणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात घ्यावी. त्यांनी दोर सोडला होता, घोडा हाकलून दिला नव्हता. जायचे की राहायचे हे त्याचे त्याने ठरविले.

आता पैशाचा मुद्दा. हा कोणी उघड बोलत नाही, पण त्या गृहस्थांच्या मनातील सल आम्हांस वाटते त्यात होता. दर दिवसाचे बिल वाढत होते, धाकट्या मुलीचे लग्न ठरले होते, आणि सही करताना 'आता खर्च थांबेल' हा विचार क्षणभर मनाला शिवला, असे त्यांनीच पुढे एकदा सांगितले. त्या क्षणाबद्दल त्यांनी स्वतःस दोषी धरावे असे आम्हांस वाटत नाही. थकलेल्या मनास असे विचार न विचारता येतात. निर्णय डॉक्टरांच्या मतावर झाला, बिलावर नव्हे. परंतु वाचण्याची आशा असलेला रोगी केवळ पैसा संपला म्हणून यंत्रावरून उतरवून घरी नेला जातो, तेव्हा दोष कोणाचा? त्या घराचा नव्हे. मोटारींच्या धंद्यात संपत्ती मिळविलेल्या इंग्लंडच्या लॉर्ड नफिल्ड यांनी १९३८ पासून आपल्या कारखान्यात लाकडी फळ्यांची श्वासयंत्रे बनवून ब्रिटिश साम्राज्यातील रुग्णालयांस फुकट वाटली. उत्सवाच्या रोषणाईसाठी वर्गणी गोळा करताना आपल्या मंडळीस ही गोष्ट कधी आठवत नाही, याचे आम्हांस थोडे वाईट वाटते.

एक गोष्ट अनिर्णित राहिली, ती लपवीत नाही. मातोश्रींची स्वतःची इच्छा काय होती? लिहिलेले काही नव्हते. 'मला फार दिवस अंथरुणात ठेवू नका रे' असे त्या म्हणत, पण तसे कोणते वृद्ध माणूस म्हणत नाही? पुण्यास असलेल्या थोरल्या बंधूंनी त्या वाक्याचा एक अर्थ केला आणि यांनी दुसरा. बंधू अजून बोलत नाहीत. त्यांचा अर्थ चुकीचा आणि यांचा बरोबर, असे आम्ही म्हणू शकत नाही.

पुढे एका एकादशीस आम्ही हे सर्व त्या गृहस्थांस सांगितले. त्यांनी कोपनहेगनची हकीकत दोनदा सांगावयास लावली. मग म्हणाले की, नळी काढल्यावर आई पाऊण तास आपला आपण श्वास घेत होती, बहीण विष्णुसहस्रनाम म्हणत होती, आणि आईचा हात शेवटपर्यंत आपल्या हातात होता. प्रायश्चित्ताविषयी मात्र त्यांनी पुन्हा विचारलेच. तो अधिकार आमचा नव्हे, म्हणून आम्ही त्यांस घेऊन गाभाऱ्याशी गुरुजींकडे गेलो. गुरुजींनी सर्व ऐकून घेतले, तिथी विचारली आणि सांगितले की, वर्षश्राद्ध यथासांग करा, आणि त्या दिवशी थोरल्या भावास तुम्ही स्वतः जाऊन घेऊन या.