खोलीच्या उंचीचा हिशेब

घराचे माप चौरस फुटांत सांगावयाचे, भाडे त्याच मापाने ठरवावयाचे आणि खरेदीखतातही तोच आकडा नोंदवावयाचा, ही वहिवाट आपल्याकडे इतकी रुळली आहे की, खोलीला लांबी-रुंदीखेरीज उंचीही असते आणि त्या उंचीचेही मोल आपण चुकते केलेले असते, याचे स्मरण सहसा कोणास होत नाही. छताखालचा तीन-चार फुटांचा पट्टा बहुतेक घरांत जुन्या ट्रंका, गणपतीच्या मखराचे सामान, पाहुण्यांसाठी राखलेल्या गाद्या आणि केव्हातरी लागतील म्हणून जपलेल्या वस्तू यांच्या स्वाधीन केलेला असतो. निजण्याची जागा वर नेऊन खालची जमीन मोकळी करणारा जो उंच पलंग हल्ली लॉफ्ट बेड या नावाने दुकानांतून मिळतो किंवा सुताराकडून करवून घेता येतो, तो या दुर्लक्षित पट्ट्यावर माणसाचा हक्क सांगतो. आणि म्हणूनच त्याचा विचार केवळ सामानसुमानाच्या सदरात टाकून देणे मला योग्य वाटत नाही.

दाटीच्या घरात निजण्याचा प्रश्न आपल्या समाजाने पूर्वापार वळकटीने सोडविला. रात्री अंथरुणे पसरावयाची, पहाटे ती गुंडाळून भिंतीशी लावावयाची आणि तीच जमीन स्वयंपाकाला, पंगतीला व मुलांच्या अभ्यासाला परत द्यावयाची, ही व्यवस्था काटकसरीची होती आणि समंजसही होती. परंतु घरातल्या सर्वांनी एकाच वेळी निजावे व एकाच वेळी उठावे, ही एक अट तिने मुकाट्याने गृहीत धरली होती. मुंबईत ती अट गिरण्यांच्या पाळ्यांनी मोडली. विकास खात्याने १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे ज्या चाळी बांधल्या, त्या बी.डी.डी. चाळींत एका बिऱ्हाडाच्या वाट्याला सुमारे १६० चौरस फुटांची एकच खोली येत असे. रात्रपाळी करून आलेला गृहस्थ सकाळी सातच्या सुमारास या खोलीत पाऊल टाकी, तेव्हा स्टोव्ह पेटलेला असे, मुलांची शाळेची घाई चाललेली असे, शेजारीण काही मागावयास दारात उभी असे, आणि ज्या जमिनीवर त्याने अंग टाकावयाचे ती जमीन दिवसाच्या कामांना केव्हाच देऊन झालेली असे. गिरणगावातल्या कितीतरी खोल्यांतून लोखंडी अँगलवर फळ्या टाकून पोटमाळे उभे राहिले ते सामानाच्या सोयीसाठी खरेच; पण जागत्या घरात एका थकलेल्या माणसाला निजता यावे, ही गरजही त्यांच्या मुळाशी होती, असे मला वाटते. वळकटीने जागेची वाटणी काळात केली होती. माळ्याने ती उंचीत केली.

आज तोच प्रश्न पुण्याच्या पेठांतून नव्या वेषात उभा आहे. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी सदाशिव पेठेत, नारायण पेठेत येऊन राहणारी गावोगावची मुले ‘कॉट बेसिस’वर राहतात, म्हणजे भाडे खोलीचे देत नाहीत, एका कॉटचे देतात. खोलीत चार कॉटा पडल्या की मधली बोळ चालण्यापुरती उरते. मेज-खुर्चीला तेथे ठाव नसतो. परिणामी ज्याच्या आयुष्याचा सारा दिवस वाचनात जावयाचा, तो मुलगा निजण्याचे पैसे एका ठिकाणी भरतो आणि बसण्याचे पैसे दुसऱ्या ठिकाणी, अभ्यासिकेत, भरतो. कॉट चार-पाच फूट उचलली गेली असती तर तिच्याच सावलीत त्याचे मेज मावले असते. तेवढ्याने अभ्यासिकेची गरज संपली असती असे मी म्हणत नाही, कारण शांतता आणि समव्यावसायिकांची सोबत या गोष्टी लाकडातून निर्माण होत नाहीत. परंतु रात्री अकरानंतर पुस्तक उघडण्यासाठी त्याला कोणाच्या अंथरुणाच्या कडेवर टेकावे लागले नसते, एवढे निश्चित.

माझा मुख्य मुद्दा येथेच आहे. माणसाला जागा लागते तशी हद्दही लागते. जेथे आपण कोणाच्या वाटेत येत नाही आणि कोणी आपल्या वाटेत येत नाही, असा दोन हात रुंदीचा का होईना, एक प्रदेश असल्याखेरीज माणूस पुरता निवांत होत नाही. विशेषतः वयात येणारी मुले-मुली, ज्यांना घरात स्वतंत्र दार मिळण्याचा संभव नसतो, त्यांच्या मनाची वाढ या अभावाने खुंटते. उंच पलंग एका खोलीत अशा दोन हद्दी आखून देतो. वरच्याने वाचावे, खालच्याने लिहावे, आणि दोघांनी एकमेकांस न दुखविता गप्प राहावे, हे त्यामुळे शक्य होते.

मात्र ही सोय मापाच्या हिशेबावर उभी असते आणि तो हिशेब बहुतेक लोक चुकीच्या टोकाकडून करतात. पलंगाखाली काय मावेल, हे ते प्रथम पाहतात. वास्तविक वर निजणाऱ्याला उठून बसता येईल की नाही, हे प्रथम पाहिले पाहिजे. जाणता सुतार लाकडाला हात लावण्यापूर्वी त्या माणसाला जमिनीवर ताठ बसवितो आणि जमिनीपासून टाळूपर्यंत पट्टी धरतो. प्रौढ माणसाच्या बाबतीत हे माप तीन फुटांच्या आसपास येते. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने राहण्याच्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट, ठरविली होती, आणि अलीकडच्या बहुतेक सदनिका त्याच उंचीच्या आसपास घुटमळतात. या नऊ फुटांतून वरच्याचे तीन फूट आणि गादी व चौकट मिळून आठ इंच वजा केले, तर खाली पाच फूट चार इंच राहतात. एवढ्या उंचीत खुर्चीवर बसून काम उत्तम होते, पण पुष्कळ माणसांना ताठ उभे राहता येत नाही. म्हणून नऊ फुटी खोलीत पलंगाखाली कपाट किंवा ये-जा करण्याची वाट योजू नये, मेजच योजावे. जुन्या वाड्या-चाळींतील दहा-अकरा फुटी छताखाली मात्र दोघांचीही सोय लागते.

मापानंतर हवेचा विचार. उष्ण हवा वर चढते, आणि गच्चीलगतच्या मजल्यावर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खाली सोडीत राहतो. त्यामुळे खालच्या मजल्यांवर सुखाचा वाटणारा हा पलंग शेवटच्या मजल्यावर वैशाखात असह्य होतो, आणि नागपूर-अकोल्याकडे तर तशा खोलीत तो करूच नये. छताचा पंखा ही त्याहून गंभीर बाब आहे. झोपेतून दचकून उठलेल्या माणसाचा हात पात्यांपर्यंत पोहोचेल अशा जागी पंखा ठेवून वर अंथरूण घालणे हा अपघाताला दिलेला परवानाच होय. अशा वेळी छताचा पंखा उतरवावा आणि पायथ्याच्या भिंतीवर जाळीचा पंखा बसवावा. यात तडजोड नसावी.

गादी जितकी जाड तितके सुख, हा समजही येथे सोडावा लागतो. अमेरिकेतील दुमजली पलंगांच्या नियमांत कठडा गादीच्या पृष्ठभागापासून निदान पाच इंच वर असला पाहिजे असे म्हटले आहे, आणि सहा वर्षांखालील मुलांना वर निजवू नये अशी सूचना पलंगावरच छापणे बंधनकारक केले आहे. मोजून बसविलेल्या कठड्यावर आठ इंची गादी आणून टाकली की तो कठडा दिसण्यापुरता उरतो. पातळ गादीने भागते. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर अवघा दोन इंच फोम आला आणि लाखो प्रवाशांच्या पाठीला त्याने केवढा दिलासा दिला, हे त्या पिढीला ठाऊक आहे. शिडीच्या बाबतीत गोल नळीच्या पायऱ्या टाळाव्यात, कारण अनवाणी तळव्यात त्या रुततात आणि रात्री अर्धवट झोपेत उतरताना पाय घसरतो. चार इंच रुंदीची सपाट फळी आणि हाताला धरावयास एक दांडा असला म्हणजे पुरे. तरीही गुडघे दुखणारा, तापाने फणफणलेला किंवा बाळंतीण यांना कोणतीही शिडी शिडीच असते. घरातल्या सर्वांत वडील माणसाची जागा खालीच असावी. शिवाय वरची चादर रोज कोण झटकणार, मच्छरदाणी कोण बांधणार, हे काम न सांगता घरातल्या बाईच्या माथी येते, यासाठी वर निजणाऱ्यानेच आपले अंथरूण आवरावे, असा दंडक पलंग येण्यापूर्वी घातलेला बरा.

कायद्याने माळ्याकडे सामानाची जागा म्हणून पाहिले आहे. उपर्युक्त नियमावलीत त्याची कमाल उंची दीड मीटर होती. या तरतुदीमागील भीती रास्त आहे. १८९६च्या प्लेगने दाटीवाटीच्या, अंधाऱ्या खोल्यांचे जे भयाण दर्शन मुंबईस घडविले आणि ज्यातून दोन वर्षांनी सुधारणा ट्रस्ट जन्मास आला, ते विसरून एका खोलीच्या दोन कोंदट खोल्या करण्याची मुभा कोणास देता कामा नये. म्हणून पलंग आपल्याच चार पायांवर उभा असावा. डळमळू नये म्हणून भिंतीशी एखाद्या पट्टीने तो जखडावा, पण जुन्या इमारतीच्या भिंतीत अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय तुळया खुपसू नयेत, आणि वरची जागा प्लायवूडने बंद तर कधीच करू नये. आडोशाला कापडी पडदा पुरतो, आणि वारा त्यातून जातो.

इतके सारे करूनही पुष्कळ घरांत हा पलंग फसतो, कारण मोकळी झालेली जमीन महिना-दोन महिन्यांत खोक्यांनी भरून जाते. म्हणून पलंगाच्या आधी मेज ठरवावे, त्यावरचा दिवा ठरवावा, त्या दिव्याचा खटका कोठे येईल ते ठरवावे, आणि तेथे कोण बसणार त्याचे नाव घरात सर्वांना सांगावे. पेठांतल्या घरमालकांनाही माझी हीच विनंती आहे: कॉटचे भाडे घेता, तर तिच्याखाली एक मेज आणि एक खुर्ची द्या.