गच्चीवरच्या सळया

तालुक्याच्या गावी डॉक्टरांचं हॉस्पिटल ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. गच्चीकडे पाहावं. कॉलमच्या सळया दोन-अडीच फूट वर आलेल्या असतात, गंजलेल्या, एखादीवर पाण्याची रिकामी बाटली उपडी घातलेली. खाली दवाखाना, वर राहतं घर आणि त्याच्यावर ‘पुढेमागे बघू’. आर्किटेक्ट म्हणून मी अशी पाच हॉस्पिटलं केली. सळया सोडा म्हणणारे डॉक्टर आणि सोडल्या म्हणणारा मी, दोघांनाही वाटायचं की भविष्याची तरतूद झाली.

यातलं तिसरं बाळंतपणाचं होतं, तळमजला आणि एक मजला. सहा वर्षांनी डॉक्टरीणबाईंनी त्या सळयांवर दुसरा मजला चढवला आणि ओटी तिकडे नेली. लिफ्टसाठी मी डक्ट ठेवला होता, पण मधल्या काळात त्यात पाण्याचे आणि ड्रेनेजचे पाइप चढले होते. पुढे माझ्या मेहुणीचं बाळंतपण तिथंच ठरलं. रात्री दोनला सिझर करायचं असं सांगण्यात आलं. साडेतीन फुटी जिना, मध्ये वळण. स्ट्रेचर वळेना. चौघांनी ते तिरपं केलं, पायाकडची बाजू कठड्यावरून बाहेर काढली. वॉर्डातल्या मामांनी सलाईनची बाटली हात उंच करून धरली होती आणि खालून मावशी ओरडत होत्या, ‘‘डोकं वर ठेवा, डोकं वर!’’ मेहुणी त्या कळांमध्येही माझ्याकडेच बघत होती. जिना कुणी काढलाय हे तिला ठाऊक होतं.

बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. जिन्याचं माझ्या मनातून जाईना. मूळ नकाशात तो बरोबर होता, कारण वरच्या मजल्यावर स्वतःच्या पायांनी चढणारेच जाणार होते. चुकली होती ती माझी भविष्याची कल्पना. वाढ म्हणजे आणखी एक स्लॅब, एवढंच मी धरून चाललो होतो.

हाच प्रश्न आयुष्यभर डोक्यात घेऊन बसलेला एक माणूस इंग्लंडमध्ये होऊन गेला. जॉन वीक्स, जन्म १९२१, मृत्यू २००५. आपल्याकडे आर्किटेक्टनाही हे नाव फारसं माहीत नसतं. कारण उघड आहे : त्याच्या इमारती फोटोत चांगल्या दिसत नाहीत.

वीक्सची उमेदीची वर्षं एका पाहणीत गेली. जुलै १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा सरकारच्या पदरात जी हॉस्पिटलं पडली, त्यांतली पुष्कळशी एकोणिसाव्या शतकातली होती, काही तर मुळात निराधारांसाठी बांधलेल्या कोंडवाड्यासारख्या इमारती. नवीन बांधायची तर कशी, हे धड कुणाला माहीत नव्हतं. नफील्ड न्यासाने रिचर्ड ल्यूएलिन-डेव्हिस यांच्या हाताखाली एक गट बसवला. वीक्स त्यात होता. नुसते आर्किटेक्ट नव्हते, डॉक्टर, नर्स, संख्याशास्त्रज्ञही होते. सिस्टर दिवसभरात कुठून कुठे आणि किती वेळा जाते, हे त्यांनी मागे फिरून मोजलं. उजेड, आवाज, जंतुसंसर्ग यांचाही माग काढला. ग्रीनॉक आणि बेलफास्टला प्रयोगादाखल वॉर्ड बांधून पाहिले. १९५५ साली अहवाल आला. वीक्स तोवर चौतिशीला आला होता. त्या वयात आमच्या धंद्यातला माणूस बंगल्यांचे फोटो मासिकांना पाठवत असतो.

इतकं मोजून झाल्यावर गरजेचा नेमका आकडा हाती आला, आता त्या मापाची इमारत शिवावी, असा निष्कर्ष काढणं सोपं होतं. वीक्सच्या हाती उलटंच लागलं. माप घ्यावं आणि शिवून होईपर्यंत अंग बदललेलं असावं, तसं हे काम आहे. एक्स-रे विभाग दुप्पट होतो, प्रयोगशाळा तिप्पट होते, एखाद्या आजाराचा अख्खा वॉर्ड ओस पडतो. म्हणून अंगाबरोबर शिवलेल्या कोटापेक्षा लहान-मध्यम-मोठा अशा दोन-तीन मापांतच मिळणारा ढगळ डफल कोट बरा, अशी उपमा तो आणि त्याचे सहकारी देत. आपण झब्बा म्हणू.

अगदी अंगाबरोबर शिवलेल्या हॉस्पिटलचं उदाहरण द्यायचं तर फिनलंडमधल्या पायमिओचं द्यावं लागेल. आल्व्हार आल्टोने १९३३ साली पूर्ण केलेलं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम. पेशंट आडवा असतो, ही साधी गोष्ट त्याने नकाशाच्या मुळाशी ठेवली. म्हणून छताला डोळे निवतील असा हिरवट रंग आणि दिवा झोपलेल्याच्या डोळ्यांवर येणार नाही अशा जागी. शेजारच्याची झोप मोडू नये म्हणून पाणी आवाज न करता पडेल असं बेसिन. इतकी माया मी दुसऱ्या कुठल्या नकाशात पाहिलेली नाही. आणि मग स्ट्रेप्टोमायसिन आलं. ऊन आणि हवा हाच ज्याच्यावर उपाय होता, त्या रोगाला गोळ्या-इंजेक्शनं मिळाली आणि साठच्या दशकात पायमिओचं साधं हॉस्पिटल करावं लागलं. आल्टोला आपला पेशंट नेमका ठाऊक होता. वीक्सची अडचण अशी की आपला पेशंट कोण असेल हेच त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते प्रामाणिकपणे कबूल करून त्याला इमारत उभी करायची होती.

ही संधी लंडनच्या वायव्येला, हॅरोजवळ आली. १९६२ मध्ये ब्रिटिश सरकारने ९० नवी हॉस्पिटलं बांधायची आणि १३४ आमूलाग्र सुधारायची योजना जाहीर केली. वीक्सचं नॉर्थविक पार्क त्याच काळातलं, १९७० साली उघडलेलं. इथे त्याने हॉस्पिटलची एक इमारत अशी कल्पनाच सोडून दिली. आधी रस्ता आखला. आतला, छताखालचा, गावातल्या पेठेसारखा लांब रस्ता. त्याला दोन्ही अंगांनी वेगवेगळ्या उंचीच्या इमारती जोडल्या, आणि त्यांची टोकं मोकळी ठेवली, म्हणजे ज्या विभागाला वाढायचं असेल त्याने आपल्या टोकाकडून वाढावं, शेजाऱ्याला न हलवता. दर्शनी बाजूवर तर त्याने स्वतःचा हात फिरवायचंच नाकारलं. काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या कुठे दाट आणि कुठे विरळ, हे भाराच्या गणिताने ठरलं. भार जास्त तिथे पट्ट्या जवळजवळ. आपल्या इमारतीचा चेहरा गणिताकडे सोपवणारा आर्किटेक्ट मला आधी विक्षिप्त वाटला होता. आता वाटतं, आपण काढलेला चेहरा टिकणार नाही हे ज्याला कळलंय, त्याने दुसरं काय करावं?

माझ्या सळया आणि वीक्सची मोकळी टोकं दिसायला एकच. दोन्ही म्हणतात, इमारत संपलेली नाही. पण त्याने वाढीसाठी वाट राखली होती. मी फक्त खोल्यांना आधार ठेवला. वाट राखायची तर आज रिकामी दिसणारी जागा पदरमोड करून सांभाळावी लागते, आणि चाळीस बाय साठच्या प्लॉटवर, कर्जाचे हप्ते भरणाऱ्या डॉक्टरांना ‘हा आठ फुटी पॅसेज असाच राहू द्या’ हे पटवणं सोपं नसतं. दुसऱ्या वर्षी तिथं औषधांचं दुकान आलेलं असतं. सोनोग्राफीचं मशीन एकदा खोलीत बसलं की हलवायला कागदपत्रं करावी लागतात, मग सगळं हॉस्पिटल त्या खोलीभोवती फिरत राहतं. वीक्सकडे सरकारी जमीन होती. त्याचं शहाणपण थोडंफार त्या एकरांवर उभं होतं, हे म्हटलं पाहिजे.

नॉर्थविक पार्कनेही त्याला नेहमी साथ दिली असं नाही. हॉस्पिटलला जोडून वैद्यकीय संशोधनाचं मोठं केंद्र होतं, ते नव्वदच्या दशकात बंद झालं. मार्च २०२० मध्ये कोविडचे पेशंट इतके आले की अतिदक्षता विभागातली जागा संपल्याचं या हॉस्पिटलला जाहीर करावं लागलं. इमारतीचं टोक मोकळं ठेवता येतं; तिथं उभ्या राहणाऱ्या सिस्टर कागदावर काढून ठेवता येत नाहीत.

आणि एक माणूस वीक्सच्या मोजणीत फारसा आला नसावा, कारण त्याच्या देशात तो भेटीच्या वेळेपुरता येतो आणि जातो. आपल्याकडे तो डबा, चटई आणि फाइल घेऊन मुक्कामाला येतो. पेशंटचा नातेवाईक. सिस्टरांच्या फेऱ्या मोजल्या तशा कुणी याच्या फेऱ्या मोजल्या पाहिजेत : औषधाचं दुकान, रक्तपेढी, केसपेपरची खिडकी, चहा, पुन्हा खिडकी. आपल्या हॉस्पिटलांचं निम्मं काम हा माणूस करतो आणि नकाशात त्याच्या नावाने एक चौरस फूटही नसतो. परळच्या केईएमचे १९२६ सालचे लांब व्हरांडे जॉर्ज विटेटने वाऱ्यासाठी ठेवले. ते या नातेवाइकाला पथारी पसरायला कामी आले. ढगळ कोट म्हणतात तो हाच, जरी विटेटच्या डोक्यात तसं काही नसलं तरी. टाटा हॉस्पिटलला गावाकडून येणाऱ्या पेशंट-नातेवाइकांसाठी गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा चालते. हॉस्पिटलच्या नकाशातला राहून गेलेला विभाग कोणता, हे आम्हा पदवीवाल्यांपेक्षा हातात खराटा घेतलेल्या माणसाच्या परंपरेला आधी कळलं, याची मला जराशी लाज वाटते.

पाचव्या हॉस्पिटलच्या वेळी मी दोन गोष्टींवर अडून बसलो. जिन्याऐवजी रॅम्प, आणि तळमजल्यावर नातेवाइकांसाठी नळ, मोरी आणि आडवं होता येईल असा कट्टा. डॉक्टर हसले. म्हणाले, ‘‘साहेब, एवढ्यात दोन स्पेशल रूम बसतात.’’ शेवटी रॅम्प झाला. कट्ट्याच्या जागी एक स्पेशल रूम आणि मोरी झाली.

तिसऱ्या हॉस्पिटलात मध्यंतरी पुन्हा गेलो होतो. डॉक्टरीणबाई आता थकल्यात. मुलगा पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात कन्सल्टंट आहे, इकडे येणार नाही. तिसरा मजला होणार नाही हे ठरलेलं आहे, पण सळया कापायला बाई तयार नाहीत. त्यांच्याबरोबर गच्चीवर चढलो. कोपऱ्यातल्या दोन कॉलमच्या सळयांना नायलॉनची दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर ओटीच्या हिरव्या चादरी वाळत होत्या.