वेशीवरचा डबा

अविश्वास हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. बँकेतल्या कारकुनाला पगार मिळतो तो मुख्यतः शंका घेण्याबद्दल. सही जुळते का, चेकवरची तारीख बरोबर आहे का, पाचशेच्या नोटेतली तार चमकते का, समोर उभा असलेला गृहस्थ फोटोतलाच आहे की फोटोतल्या माणसाचा मेहुणा, हेच दिवसभर चालतं. शाळेतला मित्र काउंटरवर आला तरी मी त्याला आधार कार्ड मागतो. तो म्हणतो, "अरे, माझ्या लग्नात तू पंगतीत बुंदी वाढत होतास!" मी म्हणतो, "ते खरंच आहे, पण त्याची झेरॉक्स आणलीस का?"

मात्र संध्याकाळी हा अविश्वास ड्रॉवरमध्ये ठेवून, वर कुलूप लावून मी घरी येत असे. बुलढाण्यात आमच्या घराचं दार सकाळी उघडतं ते रात्री दहालाच लागतं. शेजारचे काका आमचा पेपर आमच्या आधी वाचतात आणि आमचं वायफाय आमच्याइतकंच वापरतात. हे सारं बरं चाललं होतं. तेवढ्यात बँकेत सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण झालं, आणि मी ड्रॉवर उघडा टाकून घरी आलो.

प्रशिक्षकांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, ऑगस्ट २०१८ मधली. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये दोन-तीन दिवसांत गेले. कुणी भिंत फोडली नाही, तिजोरीला हात लावला नाही. बँकेच्या यंत्रणेत शिरून, बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. दुसरी गोष्ट २०१६ सालची. 'मिराई' नावाच्या एका प्रोग्रामनं जगभरातले कॅमेरे आणि घरगुती राउटर लाखांच्या संख्येनं ताब्यात घेतले. त्याच्याजवळ शस्त्र कोणतं? तर कारखान्यातून येणाऱ्या साठेक पासवर्डांची यादी! लोक ते बदलतच नाहीत, एवढ्या एका भरवशावर त्यानं जग हलवलं. घरी येऊन मी आमच्या राउटरचं नाव-पासवर्ड पाहिलं. नाव 'अॅडमिन'. पासवर्डही 'अॅडमिन'. कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला टांगलेली.

आठ दिवसांत मी फायरवॉल मागवली. तळहाताएवढा काळा डबा. मागे तारांसाठी दोन भोकं, पुढे तीन दिवे. सौ.ला किंमत निम्मी सांगितली. पण तो नीतिशास्त्राचा वेगळा भाग आहे, त्यात आज शिरत नाही.

फायरवॉल म्हणजे मुळात खरीखुरी भिंत. एका घराची आग दुसऱ्या घराला लागू नये म्हणून मध्ये बांधायची. संगणकाच्या जगानं हा शब्द उचलला तो १९८० च्या दशकाच्या शेवटी. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस नावाच्या एका विद्यार्थ्यानं सोडलेला 'किडा' आपोआप पसरत गेला, आणि त्या काळच्या छोट्याशा इंटरनेटवरची हजारो यंत्रं आडवी झाली. गंमत अशी की या चिरंजीवांचे वडील अमेरिकन सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्रात बडे शास्त्रज्ञ होते. भिंत बांधणाऱ्याच्याच घरात आग खेळत होती. हा दाखला तेव्हाच मनावर घेतला असता, तर पुढचं बरंच टळलं असतं.

डबा बसवणं सोपं होतं. बाहेरची तार एका भोकात, घराची दुसऱ्या भोकात. मी घराची पहिल्यात घातली आणि बाहेरची दुसऱ्यात. म्हणजे रखवालदाराला मी घराकडे तोंड करून उभा केला. त्यानं इमानेइतबारे जगाचं आमच्यापासून रक्षण सुरू केलं. माजघरातून आईचा आवाज आला, "बापू, शेगावची आरती काहून नाही लागून राह्यली रे?"

तारा बदलल्या. तरीही आरती लागेना. तेव्हा केबलवाल्या मुलाला बोलावलं. त्यानं दोन मिनिटांत रोग ओळखला. कंपनीच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि माझ्या डब्याचाही तोच! हे १९२.१६८ चे आकडे घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले असल्यामुळे गल्लोगल्ली तेच असतात. एकाच दारावर दोघांनी एकाच घर नंबरची पाटी लावली, तर पोस्टमननं करावं काय? दोघांपैकी एकानं पत्ता बदलावा, नाहीतर एकानं दाराचं काम सोडून नुसता पूल व्हावं, असं तो म्हणाला. मग त्यानं कंपनीच्या डब्याला खरोखरच 'ब्रिज' केलं आणि जोडणीचं नाव-पासवर्ड माझ्या डब्यात भरलं. आरती लागली. आईनं त्या मुलाला चहा दिला. मला दिला नाही.

चार दिवस सुखात गेले. पाचव्या दिवशी लाईन गेली, तासाभरानं आली, आणि पुन्हा सारं ठप्प. या वेळी मी एकट्यानं रात्री एक वाजेपर्यंत झुंजलो. शेवटी दिसलं की डब्याच्या मते आज तारीख होती १ जानेवारी १९७०. आतला नाण्याएवढा सेल मेलेला होता आणि अशी यंत्रं स्मृती गेली की त्या दिवसापासून काळ मोजतात. माझा डबा बसला होता अशा जगात, जिथे बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला सहा महिनेही झालेले नव्हते! इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधावा लागतो, त्या पत्त्यावर डिजिटल सही असते आणि त्या सहीला 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. सही तपासण्याचा नियम मीच हौसेनं चालू केला होता. १९७० साली बसलेल्या डब्याला यच्चयावत सह्या पुढच्या तारखेच्या दिसत होत्या, आणि पुढच्या तारखेचा चेक मीसुद्धा परतच करतो. त्यातून बरोबर वेळ विचारायला त्याला बाहेर जायचं होतं आणि बाहेर जायला बरोबर वेळ लागत होती. आमच्या कर्जविभागात याला 'आधी हा दाखला आणा, मग तो देऊ' म्हणतात. मी हातानं तारीख घातली, सकाळी घड्याळवाल्याकडून सेल आणला आणि त्या डब्याबद्दल मला प्रथमच माया वाटली. नियमाप्रमाणे वागून सगळ्यांची कामं अडवणारा माणूस मी घरचा आरसा सोडून प्रथमच पाहत होतो.

डबा नीट चालू लागल्यावर मी त्याची नोंदवही उघडली. पाहतो तो मिनिटागणिक बाहेरून कुणीतरी दार ठोठावतंय! हे जगभरची यंत्रं करतात, एकेक पत्ता घेऊन कुठलं दार उघडं आहे ते चाचपत जातात. त्यांना बुलढाणा काय नि बोस्टन काय. डबा प्रत्येकाला घालवून देत होता, कारण त्याचा मूळ नियमच मुळी 'परवानगी नाही तो शत्रू' असा. आतून बाहेर जाईल त्याला मात्र तो विचारत नाही, आणि त्याला आलेलं उत्तर बिनबोभाट आत घेतो. थोडक्यात, बाहेरचा तो वाईट, आतला तो चांगला.

इथे मी अडलो. हा नियम मी आधी कुठे पाहिला होता? आपल्या गावांत. गावाला कूस असे, वेस असे, आणि रात्री वेशीवर पहारा करी तो वेसकर. हे काम महारांकडे असे. गावाच्या जिवाची राखण ज्याच्या हाती, त्याचं स्वतःचं घर मात्र गावकुसाबाहेर. भिंत बांधणाऱ्यानं 'आतला कोण' हे एकदा ठरवलं की पुढे शतकानुशतकं कुणी विचारत नाही. भिंत चोरासाठी बांधली म्हणायचं, आणि तिच्या सावलीत भलत्यालाच उभं करायचं. माझ्या डब्यानं पहिल्याच रात्री चोर पकडला नव्हता, शेजारच्या काकांचा मोबाइल पकडला होता. तिसऱ्या दिवशी काका पेपर वाचायला आले नाहीत. मी जाऊन त्यांच्यासाठी पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क असल्याचं सांगितलं आणि पासवर्ड दिला. ते म्हणाले, "म्हणजे ओसरीवर बसायचं म्हणा ना." मला उत्तर सुचलं नाही.

वेस कशी राखावी याचा उत्तम दाखला रायगडचाच. दरवाजे बंद झाले म्हणून हिरकणी तान्ह्या बाळाच्या ओढीनं कडा उतरून गेली, अशी कथा आहे. महाराजांनी काय केलं? तिला शिक्षा केली नाही. तिचा सत्कार केला, आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून त्याला तिचंच नाव दिलं. आजच्या मोठाल्या कंपन्या त्यांच्या यंत्रणेतली पळवाट दाखवणाऱ्याला बक्षीस देतात. आपल्याकडे तो शहाणपणा कथेच्या रूपानं कधीचाच होता. पण मला त्या कथेत दुसरंच दिसतं. दरवाजाचा नियम बरोबर होता, आणि आईही बरोबर होती.

माझ्याकडेही एक आई आहे. एका दुपारी तिच्या फोनवर फोन आला. माझा डबा दिवे लुकलुकवत होता, पण फोन मोबाइलच्या टॉवरवरून आलेला, डब्याला त्याचा पत्ताच नाही. पलीकडचा म्हणाला, "मैं दिल्ली से बोल रहा हूँ. आपके नाम का पार्सल पकड़ा गया है." आईचं हिंदी बेताचं. ती म्हणाली, "कोन्या गावचा हायेस बाप्पा तू?" तो म्हणाला, दिल्ली पुलिस. "ते झालं. पन गाव कोन्तं? तुही माय कुठची?" तो ओरडू लागला. आई म्हणाली, "येवढ्या उन्हात चिल्लावू नको. जेवला काय?" फोन बंद झाला. मला सांगताना ती हळहळली, "गावाचं नाव सांगता येत नाही बिचाऱ्याले."

बँकेत मी रोज पाहतो. शिकलेसवरलेले लोक स्वतःच्या हातानं ओटीपी देऊन बसतात, कारण त्यांनी भीतीनं ऐकलेलं असतं. आईनं दार लावलं नव्हतं. तिनं दारात उभं राहून चौकशी केली होती. घाबरली असती तर फसली असती, आणि फोन आपटला असता तर तिला करमलं नसतं.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो. नोंदवहीत बाहेरच्यांइतकीच आतल्यांचीही नोंद असते. कोणत्या फोननं रात्री किती वाजता कोणती साइट मागितली, सगळं. मी ते पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि रोज पाहत होतो. एका रात्री पावणेदोनला मुलाच्या फोनवरून एक नाव मागितलं गेलं होतं : टेली-मानस. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, २०२२ साली सुरू झालेली. हिचा १४४१६ हा नंबर मला पाठ होता. पोरगा बारावीला. मी दोन दिवस काही बोललो नाही. कसं बोलणार? मला हे कळलं होतं ते बाप म्हणून नाही, वेसकर म्हणून. विचारावं तर चोरून पाहिल्याचं उघड होतं. न विचारावं तर कशासाठी पाहिलं?

तिसऱ्या संध्याकाळी त्याला स्कूटरवर घेऊन राजूर घाटापर्यंत गेलो. कठड्यापाशी थांबून आधी गुन्हा कबूल केला. म्हटलं, "मी तुझ्या फोनची नोंद पाहिली. चुकलं माझं." तो बराच वेळ खाली मलकापूरकडचे दिवे पाहत राहिला. मग म्हणाला, "पाहिली होती, तर दोन दिवस विचारलं का नाही बाबा?"

या प्रश्नाला कॉमर्सच्या पदवीत उत्तर नव्हतं. आम्ही अंधार पडेपर्यंत बोललो. चाचणी परीक्षेतले मार्क, न येणारी झोप, आणि मी घरी आल्याबरोबर 'किती पडले?' हेच कसं विचारतो ते. त्या हेल्पलाइनला त्यानं नंतर पुन्हा फोन केला, तेव्हा मी शेजारी बसलो होतो.

घरातल्यांच्या नोंदी मी आता बंद केल्या आहेत. डबा दारापुरता. बंद करताना हात थोडा अडखळला, हे खोटं कशाला सांगू? पाहिलं नसतं तर कळलंच नसतं, ही शंका अजून जात नाही. शंका घेण्याचाच पगार खातो मी. पण एवढं कळतं, की डब्यानं मला नाव दाखवलं आणि पोरानं कारण सांगितलं, आणि त्या दोहोंच्या मधले दोन दिवस माझ्या नावावर थकबाकी म्हणून उभे आहेत.

हल्ली घरी आल्यावर मी मार्क विचारत नाही. आईकडून शिकलेला प्रश्न विचारतो.

"जेवला काय?"