मधल्या दिवसांचा धनी

कलेवर पोट भरायचं म्हटलं की बोलणं लगेच दरावर येतं. मुखपृष्ठाचे किती, लेखाचे किती, एका प्रयोगाचे किती. दर महत्त्वाचा आहेच. पण कुणाची नोकरी न करणाऱ्या चित्रकाराचं, लेखकाचं, फडमालकाचं गणित बहुधा दरावर मोडत नाही. ते मोडतं काम सुरू झाल्याच्या आणि पैसे हाती आल्याच्या मधल्या दिवसांत. नोकरदाराचे हे मधले दिवस महिनाभराचे असतात. स्वतंत्र कलावंताचे सहा महिन्यांचे, वर्षाचे, कधी त्याहून लांब. तेवढ्या काळात घरभाडं, किराणा, रंग, कागद यांना पैसा कुठून तरी येतोच. तो ज्याचा असतो, काम हळूहळू त्याचं होत जातं, असं माझं म्हणणं आहे.

दादासाहेब फाळक्यांच्या आयुष्यात हे फार स्वच्छ दिसतं. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणायला त्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं. कॅमेरा आला, पण चित्रपटाला भांडवल नव्हतं. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं थोडं थोडं चित्रण करत ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म तयार केली. आजच्या भाषेत, पैसे लावणाऱ्याला दाखवायचा नमुना. तो पाहून कर्ज मिळालं, आणि त्याला तारण म्हणून पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने द्यावे लागले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. तोवर सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत होत्या, वर फिल्म धुण्याच्या कामालाही त्यांचे हात होते. मधल्या दिवसांचा पहिला सावकार पुष्कळदा घरातलाच असतो. त्याच्या कर्जाचा कागद होत नाही, म्हणून ते कर्ज कुठल्या हिशेबात धरलं जात नाही. कुणी ‘मी एकट्यानं उभं केलं’ म्हणतं, तेव्हा हे कर्ज मला आठवतं.

घरचा पैसा होता तोवर चित्रपट फाळक्यांचे होते. पुढे पहिल्या महायुद्धात कच्ची फिल्म आणि कर्ज दोन्ही दुर्मीळ झालं. १९१७ चा ‘लंकादहन’ तुफान चालला, तरी पुढच्या चित्रपटांना लागणारं भांडवल एका यशातून उभं राहत नाही. १९१८ मध्ये मुंबईच्या धनिकांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, आणि थोड्याच काळात खर्चावरून, कारभारावरून खटके उडू लागले. फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं. काही वर्षांनी ते कंपनीत परतले, पण धनी म्हणून नव्हे. भागीदारांना खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. ज्याचा पैसा अडकलाय तो हिशेब विचारणारच. फक्त एवढं घडलं की मधले दिवस त्यांच्या पैशावर निघू लागले, तसा कामाचा शेवटचा शब्दही त्यांच्याकडे गेला. १९४४ मध्ये नाशिकला फाळके गेले तेव्हा त्यांच्या गाठीशी फारसं काही उरलेलं नव्हतं.

तमाशाच्या फडात या मधल्या पैशाला नाव आहे: उचल. हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो. त्याआधी कलावंतांना, वादकांना, कामगारांना उचल द्यावी लागते, नाहीतर माणसं दुसऱ्या फडात जातात. ती द्यायला फडमालक स्वतः सावकाराकडून उचलतो. मग गाड्या, तंबू, कनाती, डिझेल. ही रक्कम फिटायची ती तिकिटावरच्या खेळांतून आणि चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांच्या सुपाऱ्यांतून. नारायणगावात पाडव्याच्या आसपास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येऊन सुपाऱ्या ठरवतात, आणि वर्षाचा निकाल त्या थोड्या दिवसांत लागतो. अवकाळी पाऊस आला, निवडणुकीची बंधनं आली, तर खेळ बुडतो. व्याज बुडत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये लागोपाठ दोन वर्षं जत्राच भरल्या नाहीत. उचल मात्र वाटून झालेली होती. तिथं कलेचा दर कुणी पाडला नव्हता. मधले दिवस अचानक लांबले आणि ते पेलायला सावकाराशिवाय कुणी नव्हतं.

शहरातल्या चित्रकाराचं किंवा लेखकाचं याहून फार वेगळं नाही. दिवाळी अंकासाठी मजकूर आणि चित्रं पावसाळ्यात तयार होतात, अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, जाहिरातींचे पैसे त्यानंतर वसूल होतात आणि मानधन त्याच्याही मागून निघतं. त्यातूनही टीडीएस कापला गेला तर ती रक्कम विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत सरकारकडे राहते. यूट्यूबवर व्हिडिओ टाकणाऱ्याला लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा मिळतो. पण त्या दारापर्यंत पोचायलाच १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं, ही एक रूढ अट आहे. तोपर्यंतचे सगळे व्हिडिओ त्याच्या स्वतःच्या, नाहीतर आईवडिलांच्या खर्चानं झालेले असतात. म्हणून या क्षेत्रात टिकलेली मुलं पाहताना मी आधी त्यांच्या घराचं भाडं कोण भरतं हे विचारते. बुद्धीचा, मेहनतीचा प्रश्न त्यानंतरचा. ज्यांच्या घरात दोन वर्षं थांबायची ऐपत नाही त्यांचं काम आपण पाहतच नाही. मला हे सर्वांत जास्त टोचतं.

मधला पैसा वाचकांकडूनही येऊ शकतो, आणि मराठीत याची थोर परंपरा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, आगाऊ वर्गणीदार गोळा केले, आणि २३ खंड पूर्ण केले. आपल्या प्रकाशकांची प्रकाशनपूर्व सवलत योजना त्याच जातीची. शेकडो जणांचा थोडा थोडा पैसा असला की कुणा एकाला कामावर हक्क सांगता येत नाही, हे तिचं मोठं बळ. पण केतकरांची पुढची वर्षं ओढगस्तीतच गेली, हेही विसरून चालणार नाही. वर्गणीनं कोशाचे मधले दिवस भागले, कोशकाराचे नाही. छपाई, कागद, कचेरी असं अंदाजपत्रक मांडताना करणाऱ्याचा किराणा त्यात लिहायला माणसं आजही लाजतात. तो पहिल्या ओळीत लिहावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदाही पैसा कुणाचा हे पाहतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कुणी छायाचित्र किंवा चित्र करवून घेतलं आणि उलट करार नसला, तर पहिला मालक करवून घेणारा ठरतो. लेखाचं तसं नाही. नोकरीत नसलेल्या लेखकाचा हक्क त्याच्याकडेच राहतो, तो लेखी सही करून देईपर्यंत. त्या सहीच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ पाच वर्षं धरतं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच छापील करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द आधीच घातलेले असतात. ते खोडून द्या म्हणता येतं, आणि पुष्कळदा समोरचा मान्यही करतो. चित्रकारानं तर ‘हक्क चित्रकाराकडे’ ही ओळ पहिल्या निरोपातच घालावी, निम्मे पैसे आगाऊ मागताना. उद्यम नोंदणी असेल तर आणखी एक आधार मिळतो: सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार काम स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, तरी चित्रकार-लेखक स्वतःला उद्योग समजत नाहीत म्हणून करत नाहीत. ती काम अंगावर घेण्याआधी करावी आणि करारही तेव्हाच वाचावा, घरात अजून दोन महिन्यांचा किराणा असताना. भाडं थकलेल्या आठवड्यात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द दिसला तरी तो खोडून मागायचा धीर होत नाही.